वाटीभर भाताचा हिशेब

प्रिय मुला,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. वजन ९४ किलोवर गेले आहे, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यातील पाळ्यांमुळे जेवणाची ठरावीक वेळ राहिलेली नाही आणि आता एका मित्राने तुला एक कागद दिला आहे: भात, पाव, डाळ, फळे सगळे बंद, दिवसभरात कर्बोदके २० ग्रॅमच्या आत. उद्यापासून सुरू करू का, असे तू विचारतोस. मी आहारतज्ज्ञ नाही, मी तुला रसायनशास्त्र शिकवले. परंतु तसाच कागद अकरा वर्षांपूर्वी माझ्याही हाती आला होता आणि त्यानंतर मी या वाटेने दोनदा चालले, एकदा चुकीच्या पद्धतीने आणि एकदा बरोबर. त्यातून मला कळलेली गोष्ट अशी की आहार कोणता निवडायचा आणि तो टिकवायचा कसा, हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. आपल्या घरच्या स्वयंपाकात, आपल्या सणावारांतून आणि पावसाळ्यातून जो आकडा निभावेल, तोच निवडावा.

आधी आकड्यांविषयी. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असतील तर त्या आहाराला सर्वसाधारणपणे लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली उतरले की शरीर चरबीपासून कीटोन तयार करून त्यांवर चालू लागते आणि त्याला कीटो म्हणतात. म्हणजे तुझ्या मित्राचा कागद या शिडीच्या अगदी शेवटच्या पायरीवरचा आहे. ५० आणि १३० यांच्या मधली जागा केवढी मोठी आहे ते पाहा, आणि बहुतेकांचे खरे काम त्याच जागेत होते. कल्पना जुनीच आहे. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून आपले वजन कसे उतरवले ते जाहीरपणे लिहून छापले होते. परंतु कर्बोदके कमी केली की चमत्कार घडतो, असे मात्र समजू नकोस. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ जणांचा वर्षभर अभ्यास केला. कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलोने आणि कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे ६ किलोने उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. दोन्ही गटांत काहींचे वजन पुष्कळ उतरले आणि काहींचे चक्क वाढले. मग मी तुला हाच मार्ग का सुचवते? कारण तुझ्या पत्रातले तुझे जेवण मी वाचले आहे. त्यात तीन वेळा भात आहे, दोन वेळा पाव आहे आणि माशाचा एक तुकडा आहे. भात आणि पाव भरभर खाल्ले जातात, पोट लवकर रिकामे होते; मासा, अंडी, दही यांच्या प्रथिनांनी भूक बराच वेळ शांत राहते. तुझ्या ताटात कमी करण्यासारखे आणि वाढवण्यासारखे काय आहे, ते इतके स्पष्ट आहे.

आता माझी चूक सांगते. मी तो २० ग्रॅमचा कागद भिंतीला चिकटवला आणि पहिल्याच आठवड्यात माझे अडीच किलो वजन उतरले. मला वाटले, आता वर्षअखेरीपर्यंत मी निम्मी होईन. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला तेव्हाच उमगायला हवे होते की ही चरबी नव्हती. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, साठलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा रिकामा झाला की ते पाणी निघून जाते. कर्बोदके एकदम तोडली की इन्सुलिन उतरते आणि मूत्रपिंडे जास्त मीठ बाहेर टाकतात, त्यामुळे दहाव्या दिवशी माझे डोके ठणकत होते, रात्री पोटऱ्यांत गोळे येत होते आणि वर्गात उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी मी अडीच महिने रेटले. मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. घरात नेवऱ्या (करंज्या) तळल्या जात होत्या, पातोळ्यांच्या हळदीच्या पानांचा वास सगळ्या घरात भरला होता, आणि मी ताटावर वेगळी बसून काकडी खात होते. दुसऱ्या दिवशी मी एक नेवरी खाल्ली, त्या एका नेवरीने सगळे मोडले असे ठरवले आणि पुढचे पाच दिवस हात आखडला नाही. मार्गशीर्षापर्यंत गेलेले वजन परत आले. दोष त्या नेवरीचा नव्हता. ज्या आकड्यात वर्षातून एकदाही नेवरीला जागा नाही, तो मी निवडला होता, हा दोष होता.

दुसऱ्या वेळी मी कागद आणला नाही, तराजू आणला. माझ्या सासूबाईंची पितळी वाटी आमच्याकडे भातासाठी वापरतात. डवल्याने दाबून, वर शीग लावून ती भरली आणि तोलली, तेव्हा उकड्या तांदळाचा भात २१० ग्रॅम भरला. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे त्या एका वाटीत जवळजवळ ६० ग्रॅम. दुपारी दोन आणि रात्री एक, एवढ्यानेच मी १८० पर्यंत पोचत होते, आणि मनात मात्र आपण तर थोडाच भात जेवतो असे धरून होते. मग तीच वाटी मोकळ्या भाताने, न दाबता, कडेपर्यंतच भरून, सुरीने वर सपाट करून पाहिली: १२० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३३ ग्रॅम कर्बोदके. वाटी तीच, भात तोच. पण तो आकडा डोळ्यांनी पाहिल्यावर दाबून वाढून घेण्याची सवय आपोआप सुटली. तूही हे पहिल्या दिवशी कर. आईला बोलावून तिच्यादेखत कर, कारण वाढणारा हात तिचा आहे आणि तिला न सांगता केलेला आहार आठवडाभरही टिकत नाही.

तुला मी दिवसाला १०० ग्रॅमचा आकडा सुचवते. दुपारी सपाट वाटीभर भात, तो हुमणाबरोबरच (नारळाच्या वाटणातल्या माशाच्या कालवणाबरोबर); कारण भाताशिवाय हुमण हे आपल्याकडे जेवण होत नाही आणि ते व्हावे असा अट्टहास मी तुला करायला सांगणार नाही. सकाळी पदेराचा (पाववाल्याचा) एक पाव ठेवायचा असेल तर ठेव. ५० ग्रॅमच्या पावात साधारण २५ ग्रॅम कर्बोदके असतात. कोंडा लावलेल्या पोळीला (ही चपाती नव्हे, पदेराकडचा पावच) लोक निर्धास्तपणे हलकी समजतात, पण आता अनेक ठिकाणी कोंडा बाहेरून लावलेला आणि आत मैदाच असतो, तेव्हा तीही पावाइतकीच मोज. उरलेले ४० ग्रॅम भाज्या, दूध, नारळ आणि थोड्या कडधान्यात जातात. दहा-अकराच्या पेजेची सवय असेल तर दुपारचा भात आणि पेज यांपैकी एकच, दोन्ही नाही. रात्री धान्य अजिबात नको: दोन बांगडे आणि तांबडी भाजी (लाल माठ), किंवा तीन अंडी आणि भेंडी. एका मध्यम बांगड्यातून वीसेक ग्रॅम प्रथिने मिळतात आणि कर्बोदके शून्य. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने. तुझ्या उंचीच्या माणसाला दिवसाला ८०-९० ग्रॅम प्रथिने हवीत, आणि ती तुला परवडणाऱ्या बांगड्या-तारल्यांतून मिळतात, इसवणाच्याच (सुरमईच्या) मागे लागायला नको. मासा रवा लावून तळण्याऐवजी मसाला लावून तव्यावर थोड्या तेलात भाज. थाळीतल्या तळलेल्या तुकडीवर रव्याचा थर असतो आणि रवा तेलही पितो. नारळ आणि काजू यांना मात्र कर्बोदके कमी म्हणून मोकळीक देऊ नकोस. किसलेल्या ओल्या नारळाच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आहेत, काजूत साडेपाचशे, आणि काजूत वर ३० ग्रॅम कर्बोदकेही आहेत.

रात्रपाळीचे एवढेच सांगते की डबा घरून ने. पहाटे तीन वाजता कँटीनमध्ये भाजी-पाव आणि गोड चहाच मिळणार असेल, तर त्या वेळी निश्चयावर भिस्त ठेवू नये. डब्यात उकडलेली अंडी आणि दही असावे.

आता खरी परीक्षा. गोव्यात हा आहार मोडतो तो जून ते सप्टेंबर या काळात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, बाजारात मासा कमी आणि महाग. ही बंदी संपते न संपते तोच श्रावण, तुमच्या घरी महिनाभर शिवराक, म्हणजे शाकाहार. आणि लगेच चवथ. ज्याचा सगळा आहार माशावर उभा आहे त्याच्या पायाखालची जमीन तीन महिने सरकते, आणि हात पुन्हा भाताकडे वळतो. म्हणून मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) तजवीज होते, तशी तू आपल्या आहाराची तजवीज कर. सुकी सुंगटे (कोळंबी), सुके बांगडे भरून ठेव. किस्मूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, हे लो-कार्ब जेवणच आहे, फक्त सुक्या मासळीत मीठ फार, म्हणून रोज नको आणि रक्तदाब असलेल्याला तर अगदी बेताने. पावसाळ्यात रानातला तायकिळा आणि कोवळे बांबूचे कोंब येतात, त्यांत कर्बोदके फारच थोडी. श्रावणात मात्र आकडा बदल. अळसांदे, मूग, कुळीथ यांतून प्रथिने घ्यायची तर कर्बोदकेही येणारच, तेव्हा महिनाभर १३० ग्रॅम धर, दही आणि पनीर वाढव, भाताची वाटी अर्धी कर. आकडा बदलणे म्हणजे आहार मोडणे नव्हे. खतखत्यात (मिश्र भाजीत) मात्र सुरण, माडी, कणगी असतात, ती कंदमुळे भाजी म्हणून मोजू नकोस, भातात मोज. आणि चवथीला दोन दिवस नेवऱ्या, पातोळ्या, मणगणे, जे असेल ते घरच्यांबरोबर पंगतीत बसून खा. तिसऱ्या दिवशी सकाळी अंडी आणि भाजी. वजनकाट्यावर पुढचे पाचसहा दिवस चढू नकोस, कारण परत आलेले ग्लायकोजेन आणि त्याचे पाणीच दिसेल.

उर्राकाच्या (काजूच्या बोंडांच्या पहिल्या धारेच्या दारूच्या) दिवसांविषयी तू विचारले नाहीस, तरी सांगते. उर्राकात वा फेणीत साखर नसते, पण मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात आणि शरीर आधी तोच जाळते, चरबी बाजूला राहते. त्यात घातलेले बाटलीतले गोड पेय तर थेट साखरच.

एका गोष्टीत मी तुला कळकळीने थांबवते. तुझे बाबाही तुझ्याबरोबर सुरू करणार, असे तू लिहितोस. ते मधुमेहाच्या गोळ्या घेतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त आढळले. म्हणजे ही तुमच्याच घरची गोष्ट नाही आणि त्यांना या आहाराचा लाभ होऊही शकतो. परंतु ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भात निम्मा केला तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असताना कर्बोदके फार कमी केली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोनांचे आम्ल साठते, ज्यासाठी रुग्णालय गाठावे लागते. रक्तदाबाची गोळीही कमी करावी लागू शकते. म्हणून आधी गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे, मग ताटाकडे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिने किती, हेही त्यांनाच विचारायचे. तूही सुरुवातीला कोलेस्टेरॉल तपासून घे आणि तीन महिन्यांनी पुन्हा. काहींचे एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, या आहारात वाढते, आणि ते जाणवत नाही.

आठवड्याला अर्धा किलो उतरले तर उत्तम समज. मधे तीन-चार आठवडे काटा हलणार नाही, तेव्हा कर्बोदकांचा आकडा २० पर्यंत खाली नेण्याचा मोह होईल. त्याऐवजी वाटी पुन्हा तोलून पाहा. माझी तरी दर वेळी हळूच शीग लावू लागलेली सापडली. कंबरेचे माप महिन्यातून एकदा सुताने घे आणि वहीत लिही.

पुढच्या रविवारी सुट्टी असेल तर फोंड्याला ये. येताना घरची भाताची वाटी पिशवीत टाकून आण आणि बाबांच्या गोळ्यांची नावे कागदावर लिहून आण. मी दुपारी बांगड्यांचे हुमण करते, तिरफळे घालून. जेवायला बसण्यापूर्वी तुझी वाटी आपण तोलू.

तुझी,
शिक्षिका