सोडचिठ्ठीचा कागद आणि न्यायालयाचा हुकूमनामा

प्रश्न : माझे वय ३१ वर्षे असून माहेर कराड तालुक्यात आहे. पती नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार आहेत. मारहाण आणि सततचा संशय यांना कंटाळून अडीच वर्षांपूर्वी मी मुलीला घेऊन माहेरी आले. मुलगी आता सहा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात सासरची मंडळी गावातील चार प्रतिष्ठितांना घेऊन आली. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहू, नोटरी करू आणि दोघेही मोकळे होऊ, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘पोटगी व मुलीचा खर्च कधीही मागणार नाही’ असे वाक्य त्या मसुद्यात आहे. आपल्यात काडीमोड चालतो, असे माझे चुलतेही सांगतात. भावाच्या ओळखीतील एकाने सुचवलेले वकील सहा महिन्यांत निकालाची हमी देतात, मात्र मिळणाऱ्या पोटगीतील काही हिस्सा फी म्हणून मागतात. मला घटस्फोट हवाच आहे, पण फसायचे नाही. दावा मुंबईला करावा लागेल का आणि वकील कसा निवडावा?
— एक वाचक भगिनी, कराड तालुका

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. नोटरी फक्त एवढेच प्रमाणित करतात की सही करणारी व्यक्ती त्यांच्यासमोर हजर होती. विवाह संपवण्याचा अधिकार त्यांना नाही आणि गावच्या पंचांनाही नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार झालेला विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. काडीमोडीबद्दल तुमचे चुलते सांगतात ते अगदीच निराधार नाही, कारण याच कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीने मिळणाऱ्या घटस्फोटाचा हक्क अबाधित ठेवला आहे. परंतु ती रूढी आपल्या समाजात दीर्घकाळ, अखंडपणे आणि निश्चित स्वरूपात चालत आलेली आहे, हे तिचा आधार घेणाऱ्याला पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि ‘आमच्यात चालते’ एवढे सांगून ते सिद्ध होत नाही. असा कागद खिशात ठेवून दुसरे लग्न केलेली माणसे आमच्याकडे येतात तेव्हा पहिला विवाह कायम असल्यामुळे दुसरा शून्य ठरलेला असतो, आणि त्याचा खरा भुर्दंड बहुधा त्या दुसऱ्या पत्नीला बसतो.

मसुद्यातील पोटगीचे वाक्य त्याहून घातक आहे. मुलीच्या पालनपोषणाचा हक्क मुलीचा स्वतःचा आहे. आईने किंवा वडिलांनी तो तिच्या वतीने सोडून दिला तरी न्यायालय त्यास बांधील राहत नाही. तरीही असा लेखी कागद एकदा विरुद्ध बाजूच्या हाती गेला की त्याचा खुलासा करण्यात पुढच्या कितीतरी तारखा खर्ची पडतात.

आता मार्गांविषयी. पतीलाही वेगळे व्हायचे असेल, तर कलम १३-ब खालील परस्पर संमतीचा अर्ज हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे. त्यासाठी किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते, ती अट तुम्ही कधीच पूर्ण केली आहे. दोघांनी मिळून अर्ज दिल्यावर कायद्याने सहा महिने थांबावे लागते आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा संमती सांगावी लागते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा सहा महिन्यांचा काळ माफ करता येतो असे ठरवले. मात्र तडजोडीचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी व मुलांचा ताबा यांचा खरोखर निर्णय झालेला असावा आणि आणखी थांबण्याने केवळ क्लेशच वाढणार असावा, अशी परिस्थिती न्यायाधीशांना दिसावी लागते. तेव्हा ‘सहा महिन्यांत निकाल’ ही गोष्ट अशक्य नाही, पण ती वकिलाच्या हमीवर नव्हे तर तुमच्या पतीच्या संमतीवर अवलंबून आहे. म्हणून संमतीपत्रात मुलीचा दरमहा खर्च, तिचे शिक्षण, वडिलांनी भेटण्याचे दिवस, तुमची एकरकमी पोटगी आणि ती केव्हा व कशी दिली जाणार, हे सर्व आकड्यांसह आले पाहिजे. शक्य तर मोठी रक्कम शेवटच्या जबाबाच्या दिवशी न्यायालयासमोरच स्वीकारावी.

संमती मिळाली नाही तर कलम १३ खाली क्रूरता आणि किमान दोन वर्षांचा त्याग ही कारणे तुम्हाला मांडता येतील. घर तुम्ही सोडले म्हणून त्याग तुमचाच ठरतो, अशी भीती अनेक स्त्रियांना घातली जाते. ज्याच्या वागण्यामुळे दुसऱ्याला घर सोडणे भाग पडले, त्यानेच त्याग केला असे न्यायालय मानू शकते. फक्त ते वागणे पुराव्यात यावे लागते. उपचारांचे कागद, पोलिसांत दिलेला अर्ज, मोबाइलवरील संदेश, तुम्हाला आणायला आलेल्या भावाची साक्ष यांचे मोल येथे आहे. ‘संसार आता उरलेलाच नाही’ हे एकटे कारण मात्र खालच्या न्यायालयात चालत नाही. त्या आधारावर विवाह मोडण्याचा विशेषाधिकार संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालयालाच आहे, हे २०२३ च्या निकालात स्पष्ट झाले आहे.

दाव्यासाठी नवी मुंबईला जाण्याची गरज नाही. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जेथे राहते तेथील न्यायालयातही तिला याचिका दाखल करता येते. जेथे कौटुंबिक न्यायालय नाही, तेथे अशा याचिका वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांसमोर चालतात. याचिकेसोबतच कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज द्यावा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्याचा निर्णय व्हावा असे कायदा म्हणतो. व्यवहारात त्याला अधिक वेळ लागतो हे मान्य करायला हवे. परंतु रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालामुळे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे अर्जाला उशीर केल्यास तेवढ्या महिन्यांचे नुकसान तुमचेच होते. त्याच निकालानुसार दोन्ही बाजूंना उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. ‘हमालाला कसला पगार’ असे उत्तर येईल, त्याने गडबडून जाऊ नका. माथाडी मंडळात नोंद असलेल्या कामगाराची मजुरी त्या मंडळामार्फत मिळते आणि भविष्यनिर्वाह निधीचाही हिशेब तेथे असतो. तो अभिलेख मागवण्याची विनंती न्यायालयाला करता येते. लग्नात माहेराने घातलेले दागिने तुमचे स्त्रीधन आहे. पावत्या नसतील तर लग्नातले फोटो शोधून ठेवा.

मुलीचा ताबा आईकडेच राहील, असे गृहीत धरू नये. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६ चा पालकत्व कायदा सांगतो; तुमची मुलगी त्या वयापुढे गेली आहे. यापुढे तिचे हित पाहिले जाईल आणि अडीच वर्षे तिची शाळा, आजारपण, सांभाळ तुम्ही केला आहे, हे शाळेच्या कागदांवरून दाखवणे तुम्हाला फारसे अवघड जाणार नाही.

वकिलाविषयी मी थोडे कठोरपणे लिहितो. निकालातून मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, आणि निकालाची हमी तर कोणताही प्रामाणिक वकील देत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून आल्या आहेत, तेव्हा तिकडे जाऊ नये. वकिलांना जाहिरात करण्यास मनाई असल्यामुळे लोक ऐकीव माहितीवर विसंबतात आणि न्यायालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून गिऱ्हाईक गाठणाऱ्यांचे फावते. त्यापेक्षा दोन-तीन वकिलांची नावे घेऊन ‘ई-कोर्ट्स’ या सरकारी संकेतस्थळावर कराडच्या न्यायालयात त्या नावाने शोध घ्या. त्यांच्याकडे विवाह याचिका आहेत का आणि त्या किती वर्षे पडून आहेत, हे तेथे विनामूल्य दिसते. भेटीला जाताना घटनांचा तारीखवार कागद लिहून न्या. वकिलांनी तुमचे ऐकून घेण्याआधीच फौजदारी तक्रारीची भाषा सुरू केली, तर दुसरीकडेही विचारून पाहा. तक्रारीला खरे कारण असेल तर ती अवश्य द्यावी, केवळ दबावासाठी दिलेली तक्रार मात्र पुढे संमतीचा रस्ता अडवते. फी टप्प्यांनुसार ठरवा, पावती घ्या, कोऱ्या कागदावर सही देऊ नका. परस्पर संमतीच्या अर्जात ‘दोघांना मिळून एकच वकील पुरे’ असा आग्रह होतो. मुलीच्या खर्चाचा प्रश्न असताना तुमचा वकील वेगळा असावा, असे माझे ठाम मत आहे.

फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कराडला तालुका विधी सेवा समितीकडे किंवा साताऱ्याला जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, ही समजूत चुकीची आहे. शिवाय घटस्फोट व पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ पासून न्यायालयीन शुल्क माफ आहे, तेव्हा त्या नावाखाली कोणी पैसे मागितल्यास कशासाठी ते विचारा.

हुकूमनामा झाल्यावर त्याची प्रमाणित प्रत लगेच काढून घ्या. अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे. वादातून झालेल्या घटस्फोटात ती संपेपर्यंत, किंवा अपील झाले असेल तर ते फेटाळले जाईपर्यंत, दुसऱ्या विवाहाचा विचार दोन्ही बाजूंनी करू नये.

प्रश्न : परस्पर संमतीच्या अर्जात आमचा पहिला जबाब झाला आहे. आता पत्नी दुसऱ्या जबाबाला येत नाही. मला वकीलही बदलायचे आहेत, पण उरलेली फी दिल्याशिवाय ते कागदपत्रे देत नाहीत.
— एक वाचक, वाई

उत्तर : हुकूमनामा होण्यापूर्वी संमती मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच ठरवले आहे. त्यामुळे पत्नीला जबाबासाठी भाग पाडता येणार नाही. ती का थांबली, हे आधी मध्यस्थामार्फत विचारा. ठरलेली रक्कम वेळेवर न मिळणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. खरोखर तिचे मन बदलले असेल, तर तुम्हाला कलम १३ खाली स्वतंत्र याचिका करावी लागेल. कागदपत्रांविषयी सांगायचे तर फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे २००० च्या निकालाने स्पष्ट आहे. थकलेली फी ते वेगळ्या मार्गाने वसूल करू शकतात. आधी लेखी मागणी पोस्टाने पाठवा आणि त्याची पोच जपून ठेवा. जुन्या वकिलांची ना हरकत मिळत नसेल, तर नव्या वकिलांचे वकीलपत्र दाखल करण्याची परवानगी न्यायालयाकडे मागा. ठरलेल्या फीपैकी झालेल्या कामाचे पैसे मात्र देऊन टाका.