बीपी नॉर्मल, मग ट्रायग्लिसराइड २६० कसं काय?

प्रश्न: वय ३८, आजार कसलाच नाही, गोळ्या चालू नाहीत. चेकअपमध्ये बीपी ११८/७६ आलं, पण टोटल कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४ आणि ट्रायग्लिसराइड २६०. रक्तात एवढी चरबी असेल तर रक्त घट्ट होऊन बीपी वाढायला पाहिजे ना? की लॅबनेच घोळ घातलाय?

उत्तर: लॅबवर लगेच खापर नको फोडायला. चरबीने रक्त घट्ट होतं आणि मग प्रेशर चढतं असं बरेच जण धरून चालतात, पण असं सरळ गणित नसतं हो. ट्रायग्लिसराइड आणि बीपी हे दोन्ही आकडे बऱ्याचदा जोडीने वाढतात कारण मूळ बहुतेक वेळा एकच असतं, पोटाच्या आत साठलेली चरबी. तिथून फॅटी अ‍ॅसिड लिव्हरकडे जात राहतात, लिव्हर त्याचं ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं, मग एचडीएल घसरतं, आणि दुसरीकडे इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं म्हणून ते जास्त बनतं आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनने किडनी मीठ धरून ठेवते, तिथून बीपी वाढायला लागतं. आता दोन्ही एकदमच बिघडेल असं थोडीच आहे, कुणाचं आधी लिपिड (रक्तातली चरबी) बिघडतं, कुणाचं आधी बीपी.

अमेरिकेत निरोगी पुरुष डॉक्टरांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तेव्हा ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त किंवा एचडीएल कमी होतं त्यांच्यात पुढे हाय बीपी जास्त निघालं. म्हणजे आजचं ११८ छानच, पण ती क्लीन चिट नाही.

तुमचा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) हिशोबाने १२४ येतो (२१० वजा ३४ वजा २६० चा पाचवा भाग), तो काही भयंकर नाही. गडबड ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलच्या जोडीत आहे. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या (पोट, शुगर, बीपी, चरबी असं सगळं मिळून बिघडणं) पाच खुणा असतात: ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, पुरुषांत एचडीएल ४० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर, आणि सुटलेलं पोट. तीन जमल्या की निदान पक्कं, तुमच्या दोन झाल्यात! शुगर आणि कंबर तुम्ही लिहिलीच नाहीये, आणि मला बीपीपेक्षा तेच आधी बघायचंय.

लिपिड परत करा, १२ तास उपाशी राहून आणि आधीचे काही दिवस दारू बंद ठेवून (ती ट्रायग्लिसराइड आणि बीपी दोन्ही चढवते), सोबत थायरॉइडही. आणि पुढेमागे बीपीची गोळी लागलीच तर हा रिपोर्ट डॉक्टरांना आठवणीने दाखवा, बीटा ब्लॉकर नावाच्या काही जुन्या बीपीच्या गोळ्यांनी ट्रायग्लिसराइड अजून वाढतं.