२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे ऑयलरने हाताने कसं सिद्ध केलं?

तुम्ही विचारलंय की १७७२ साली, कॅल्क्युलेटर नसताना, गणितज्ञ ऑयलर हजारो भागाकार करत बसला होता का. नाही. भागाकार त्याने केले, पण मोजके, आणि तेवढे का पुरले हाच या गोष्टीचा सगळ्यात सुंदर भाग आहे.

शाळेतल्या रीतीने गेलो तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. त्या पावणेपाच हजारांच्या वर आहेत. ऑयलरने आधी वेगळाच विचार केला: हिला अवयव असलाच, तर तो कसा असेल?

ही संख्या म्हणजे २ चा ३१वा घात वजा १. समजा 'प' हा तिचा मूळ अवयव आहे. मग २ च्या ३१व्या घाताला प ने भागलं की बाकी १. २ चे घात चढत्या क्रमाने घेऊन प ने भागत गेलं की बाक्या ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात. ते अंतर ३१ चा विभाजक हवं. ३१ मूळ आहे आणि अंतर १ असूच शकत नाही, म्हणून ते ३१च. आता फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की (प−१)व्या घातालाही बाकी १ येते. म्हणजे प−१ ला ३१ ने भाग जायलाच हवा, आणि प विषम असल्याने ६२ ने. पडताळायला लहान उदाहरण घ्या: २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. दोन्हींतून १ वजा करा, २२ ने भाग जातो!

दुसरी चाळणी याहून देखणी आहे. २ च्या ३२व्या घाताला प ने भागलं तर बाकी २. पण ३२वा घात हा १६व्या घाताचा वर्ग आहे. एखाद्या वर्गाला प ने भागून बाकी २ उरते, हे विषम मूळ संख्यांपैकी फक्त ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी देणाऱ्यांच्याच बाबतीत घडतं. दोन्ही अटी एकत्र केल्या की प ला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३च उरली पाहिजे.

४६३४० पर्यंत अशा संख्या, १ सोडून, ३७३ आहेत. त्यातल्या बहुतेक स्वतःच मूळ नाहीत: ६३, २४९ बाद, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३. त्या गाळल्या की शंभराच्या आतच उरतात. पहिली ३११. भागून बघा, बाकी ३५ येते. पुढची १३०३. एकीनेही भाग जात नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या ऑयलरची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेलेली होती, हे लक्षात घेतलं की मी आजही थक्क होतो.

कॉम्प्युटरमध्ये हीच संख्या का भेटते, हेही तुम्ही विचारलंय. ३२ बिटांत, म्हणजे ३२ शून्य-एकांच्या जागांत, एक जागा अधिक-उणे चिन्हासाठी ठेवली की मावणारा सर्वांत मोठा धन पूर्णांक तो हाच, पण त्याचा ती मूळ असण्याशी संबंध नाही. मूळ असण्याचा खरा उपयोग यादृच्छिक (रँडम) भासणाऱ्या संख्या तयार करताना होतो. आधीच्या संख्येला १६८०७ ने, म्हणजे ७ च्या ५व्या घाताने, गुणायचं आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय एकही परत येत नाही.