अंडी, भाज्या आणि चीज बेक केलं की तळाशी पाणी साचतं. त्यात भरताचं वांगं घातलं तर चालेल का?

हो, चालेल, आणि चवीला फार छान लागेल. फक्त वांगं आधी भाजून, सोलून, गर चाळणीत अर्धा तास निथळू द्या. साचणारं पाणी बहुतेक वेळा कच्च्या भाज्यांचं असतं. अंडं 70-80 अंशांच्या आसपास घट्ट होतं, भाजी मात्र त्यानंतरही पाणी सोडत राहते. म्हणून कांद्याची पात, टोमॅटो, जे घालाल ते तेलात परतून कोरडं करा आणि गार झाल्यावरच अंड्यात मिसळा. जळगावला आमच्याकडे हिवाळ्यात भरताची हिरवी-पांढरी वांगी आली की मी हे नेहमी करते. माझं प्रमाण असं:

- 6 अंडी, पाव कप दूध
- वांग्याचा गर 1 कप, परतलेली पात अर्धा कप
- ठेचलेली लसूण-हिरवी मिरची
- किसलेलं चीज 60 ग्रॅम, अर्धं आत, अर्धं वर

चीज खारट असतं, मीठ बेतानंच. 8 इंची भांड्याला तेल लावा, ओव्हन आधी तापवून 180 अंशांवर 25 ते 30 मिनिटं ठेवा. भांडं हलवल्यावर कडा घट्ट आणि मधला भाग किंचित थरथरताना दिसला की लगेच बाहेर काढा. जास्त वेळ राहिलं तर अंडंच आकसून पाणी सोडतं, मग भाज्या कितीही कोरड्या केल्या असल्या तरी उपयोग नाही. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत स्टँडवर, झाकण ठेवून मंद आचेवर होतं, पण वरचं चीज लालसर होत नाही.