विद्युत क्षेत्राची तीव्रता अंतरानुसार कशी बदलते, हे मोजमापांवरून कसं शोधायचं?

E = k × rⁿ असं धरा (E म्हणजे क्षेत्राची तीव्रता, r म्हणजे अंतर, k हा स्थिरांक) आणि फक्त n शोधा. दोन्ही बाजूंचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन आलेख काढला की सरळ रेषा मिळते. तिचा चढ म्हणजेच n.

प्रभारित गोळ्याभोवती तुम्ही मोजलेले आकडे: 10, 20, 40 सेंमीवर अनुक्रमे 3600, 920, 235 व्होल्ट प्रति मीटर. पहिल्या-शेवटच्या बिंदूंवरून चढ = लॉग(235/3600) ÷ लॉग 4, म्हणजे सुमारे −1.97. गोळ्यासाठी −2 अपेक्षित आहे, तेव्हा प्रयोग छान जमलाय! लांब प्रभारित तारेसाठी −1 आला असता, तर द्विध्रुवापासून (समान पण विरुद्ध प्रभारांच्या जोडीपासून) दूरवर −3.

मात्र अंतर गोळ्याच्या केंद्रापासूनच मोजा. पृष्ठभागापासून मोजलं की जवळचे बिंदू रेषेतून वाकतात. माझे बहुतेक विद्यार्थी नेमके इथेच फसतात, आणि दोष बिचाऱ्या मीटरला देतात.

दुसरी गोष्ट हवेची. नाशिकच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे गोळ्याच्या आधारावर ओल धरते आणि प्रभार बघता बघता गळतो. शेवटचं वाचन झालं की 10 सेंमीवर पुन्हा मोजा. 3600 च्या बरंच खाली आलं, तर सगळी वाचनं पुन्हा घ्या. मी तर हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीतच ठेवतो.