जपानमधलं गावाकडचं घर: आधी एवढं बघा

घर घेतलं की व्हिसा मिळतो, हे आधी डोक्यातून काढा. परदेशी माणसाला तिथे घर-जमीन स्वतःच्या नावावर घेता येते, पण राहायचा परवाना वेगळा.

नवखे भुलतात ते ‘अकिया’च्या, म्हणजे रिकाम्या पडलेल्या घरांच्या फोटोंना. किंमत बघून हुरळू नका. पावसाळ्यात जा, तातामी चटई उचला, खालच्या फळीत स्क्रूड्रायव्हर टोचा. भसकन आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय.

- बांधकाम परवाना जून 1981 पूर्वीचा? मग भूकंपाचे निकष जुने.
- सोबत शेतजमीन असेल तर तिथल्या कृषी समितीची परवानगी लागते. सौदे इथेच अडकतात.

डागडुजीचं नंतर बोलू. आधी एक हिवाळा भाड्याने राहा, मुलांसकट. शाळा किती लांब, तेही कळेल.