पहारा यंत्रावर ठेव, माणसावर नको

प्रिय मुली,

"काका, अभिप्राय सायबर सुरक्षेच्या बाजूनं लिहू की खासगीपणाच्या?" या तुझ्या प्रश्नानं मला रात्री झोप लागली नाही. वकिली शिकलेल्या पोरीनं या दोन बाजू मानाव्यात, याचा खरं तर रागच आला.

१२ ऑक्टोबर २०२० आठव. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. राज्याच्या सायबर विभागानं पुढं घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्री मानवी चूक म्हणाले. खरं काहीही धर, कुणा प्रवाशाचं व्हॉट्सअ‍ॅप वाचून वीज जायची थांबली असती का? पहारा यंत्रावर हवा.

कंट्रोल रूममध्ये हयात गेली माझी. स्काडाचं, म्हणजे वीजयंत्रणा दुरून चालवणाऱ्या संगणकप्रणालीचं, नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडलेलं हवं. कंत्राटदाराचं रिमोट कनेक्शन काम संपलं की बंद. ऑपरेटरच्या पीसीला कुणी मोबाईल चार्जिंगला लावला की मी स्वतः उपटून काढायचो. पोरं चिडायची, चिडू देत. पण त्याच पोरांचे खासगी फोन तपासायचा प्रस्ताव आला, तेव्हा मी सही केली नाही. बढती दुसऱ्याला मिळाली. आज कागद पुढं आला तरी सही करणार नाही. घरचे याला हट्ट म्हणतात. मला तेव्हाही दुसरं काही योग्य वाटलं नाही, आताही वाटत नाही.

सर्ट-इनचा, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, २८ एप्रिल २०२२ चा आदेश नीट वाच. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, लॉग (यंत्रावरच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवा: हा यंत्रावरचा पहारा, याला माझा पूर्ण पाठिंबा. त्याच आदेशात व्हीपीएन (इंटरनेटवरची ओळख झाकणारी सेवा) कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी (इंटरनेटवरचे क्रमांक) ५ वर्षं किंवा त्याहून जास्त जपायचे आहेत. हा माणसावरचा पहारा. शिवाय एवढा साठा एका जागी केला की चोर तिथंच येणार.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. त्याला हात घालायचा तर कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. हे तुला मी सांगायचं?

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या कुचराईला २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण कलम १७ नं केंद्राला सरकारी यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देता येते. तुझ्या मसुद्यात त्यावर एक ओळ नाही! बाळा, ती आधी लिही. कुणाला सूट, कशासाठी, किती काळ आणि तपासणार कोण, हे चारही मुद्दे त्यात आले पाहिजेत. शुक्रवारी दादरला ये, आपण शब्द न् शब्द वाचू.

तुझा,
काका